पाच गोळ्यांचा कागद

“आण्णा, रायफल कुठली घ्यावी?” हा प्रश्न मला सांगली जिल्ह्यातल्या आमच्या विट्यात कुठंही गाठतो. बँकेच्या रांगेत, लग्नाच्या मांडवात, एसटी स्टँडवर. विचारणारा कधी एखाद्या मुलीचा बाप असतो, कधी दसऱ्याच्या पालख्यांसाठी गावी आलेला, परमुलखात सोनं-चांदी गाळणारा गलाईवाला, कधी घाटमाथ्यावरचा द्राक्षबागायतदार. प्रत्येकाला एका कंपनीचं नाव हवं असतं. मी नाव सांगत नाही, पाच गोळ्यांचा कागद दाखवा म्हणतो. पुष्कळांना ती टाळाटाळ वाटते. म्हणून एकदा सविस्तर लिहायचं ठरवलं. इतक्या वर्षांच्या नेमबाजीत मला जे समजलं, ते त्या कागदावरूनच समजलं.

कॉलेजात एनसीसीच्या फायरिंगला आम्हाला पॉइंट टू-टू रायफल मिळायची. पंचवीस यार्डांवर टार्गेट, पोटावर झोपून पोझिशन, पाच गोळ्या. रायफली जुन्या होत्या. पोरांच्या गालांनी त्यांचे दस्ते गुळगुळीत झाले होते. फायरिंग थांबलं की पोरं पळत टार्गेटकडं जायची आणि बुलमध्ये, म्हणजे टार्गेटच्या मधल्या काळ्या वर्तुळात, किती लागल्या ते मोजायची. आमचे हवालदार उस्ताद बुलकडं बघतही नसत. खिशातली पट्टी काढून ते पाच भोकांतली सगळ्यांत लांबची दोन शोधायचे आणि त्यांच्यातलं अंतर मोजायचे. एखाद्याच्या पाचही गोळ्या बुल सोडून डाव्या कोपऱ्यात गेल्या, पण एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतील इतक्या जवळ पडल्या, तर त्याची पाठ थोपटायचे. एक गोळी बरोबर मधोमध आणि चार चारी दिशांना, अशा पोराला पुन्हा झोपवायचे. साइट दोन क्लिक फिरवली की गोळ्यांचा गठ्ठा हवा तिथं सरकतो. विस्कटलेल्या गोळ्या मात्र कुठल्याही स्क्रूनं एकत्र येत नाहीत. याला फायरिंगच्या भाषेत ग्रुपिंग म्हणतात. रायफल निवडणं म्हणजे ग्रुपिंग निवडणं, एवढंच मी पुढं लोकांना सांगत आलो.

कागद वाचायची रीत आहे. टू-टूची गोळी ५.६ मिलिमीटरची असते, पण कागदावरचं भोक त्याहून बारीक दिसतं, कारण फाटलेला कागद थोडा परत मिटतो. म्हणून आधी एकट्या पडलेल्या भोकाचा व्यास व्हर्नियरनं मोजायचा. मग सगळ्यांत लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर घ्यायचं आणि त्यातून तो व्यास वजा करायचा. उरतं ते ग्रुपिंग. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. टेकवून झाडलेली रायफल सातत्यानं तेवढ्या जागेत गोळ्या ठेवत नसेल, तर ती कितीही नावाजलेली असो, स्पर्धेत नेमबाजाला आधार देणार नाही. ‘सातत्यानं’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो. विकणारा माणूस आयुष्यातला सगळ्यांत सुंदर कागद पाकिटात जपून ठेवतो आणि तोच दाखवतो. आपण सलग झाडलेले कागद मागायचे, त्यांतला वाईटही बघायचा.

माझ्या समजुतीला खरं वळण मिळालं ते एका जुन्या जर्मन रायफलीमुळे. सांगलीकडचे एक ज्येष्ठ नेमबाज वयोमानानं खेळ सोडत होते आणि त्यांची रायफल आमच्यातल्या एका होतकरू पोराकडं यायची होती. परवान्याचे सोपस्कार सुरू होण्याआधी पुण्याला, बालेवाडीच्या रेंजवर, त्यांच्याच देखरेखीखाली ती झाडून बघायचं ठरलं. पहिल्या डब्यातल्या गोळ्यांनी पोराचं तोंड उतरलं. भोकं आठच्या वर्तुळापर्यंत पसरली होती. ते गृहस्थ काही बोलले नाहीत. त्यांनी पेटीतून दुसरा डबा काढला. कंपनी तीच, प्रकार तोच, किंमतही तीच. फक्त डब्याच्या झाकणावरचा लॉट नंबर वेगळा. पुढच्या पाच गोळ्यांचं एकच वेडंवाकडं भोक झालं. रायफल तीच होती, माणूस तोच होता आणि हवाही बदललेली नव्हती.

असं का होतं ते नंतर समजत गेलं. टू-टू हे रिमफायर काडतूस आहे. दारू पेटवणारा मसाला त्याच्या बुडाच्या पोकळ कडेत भरलेला असतो. तो कडेभोवती किती सारखा बसला, ४० ग्रेनची शिशाची गोळी त्या विशिष्ट नळीच्या चेंबरमध्ये किती नेमकी बसते, तिच्यावर ग्रीस किती, या बारीक गोष्टींवर प्रत्येक गोळीचा वेग ठरतो. मोठ्या रायफलीचं काडतूस जाणकार माणूस घरी पुन्हा भरून आपल्या नळीला जुळवून घेऊ शकतो. रिमफायरला ती सोय नाही, कारखान्यानं दिलं तेच घ्यावं लागतं. म्हणून ईली, आरडब्ल्यूएस, लापुआ या कंपन्यांनी युरोपात चाचणीच्या रेंज ठेवल्या आहेत. नेमबाज आपली रायफल घेऊन तिथं जातो. ती पकडीत बसवून लॉटमागून लॉट झाडतात आणि जो लॉट तिला मानवतो त्याचीच वर्षाची खरेदी तो करतो. आपल्याला हे परवडणारं नाही. पण दोन-तीन लॉटचे थोडे डबे घेऊन बघणं आणि जो जमला त्याचे परवान्यात बसतील तेवढे एकदम घेणं, हे इथंही जमतं. नव्या रायफलीच्या निम्म्या तक्रारी एवढ्यानं मिटतात.

याच ओघात वेगाचंही सांगतो. डब्यावर ‘हाय व्हेलॉसिटी’ लिहिलं की पोरांना ती गोळी जास्त चांगली वाटते. अचूकतेसाठी उलट आहे. मॅचची काडतुसं मुद्दाम आवाजाच्या वेगाखाली, सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास ठेवलेली असतात. जोरकस गोळी आवाजाचा वेग ओलांडून निघते आणि वाटेत पुन्हा त्याखाली उतरते. त्या उतरणीवर तिचा तोल ढळतो.

जुनी रायफल घेताना मी नळीचं तोंड आधी बघतो. दस्त्यावरचे ओरखडे, उडालेलं पॉलिश याला माझ्या लेखी किंमत नाही. कानात घालायची कापसाची काडी तोंडाच्या आतून बाहेर हळू ओढावी. जिथं कापसाचा तंतू अडकून राहील तिथं कड दुखावलेली आहे. गोळी नळी सोडताना शेवटचा स्पर्श त्या कडेचा असतो. तिथं एका बाजूनं वायू आधी निसटला की गोळीला धक्का बसलाच. बहुतेक वेळा ही इजा साफसफाईतून होते. पुढून गज घालून घासायची सवय फार वाईट. बोल्ट काढावा आणि गज मागूनच घालावा. त्यानंतर ट्रिगर. पहिला टप्पा मऊ, मग एक ठाम थांबा आणि तिथून पुढं किंचित दाबात सुटणं, असं हवं. थांबा रोज वेगळ्या जागी लागत असेल तर ती रायफल मी परत ठेवतो.

हे झालं टू-टूचं. पण विट्यातल्या मुलाची सुरुवात टू-टूनं होत नाही, व्हायलाही नको. ती छर्र्याच्या एअर रायफलीनं होते. ४.५ मिलिमीटर म्हणजे पॉइंट वन सेव्हन सेव्हनची, २० ज्यूलपेक्षा जास्त जोर नसलेली एअर रायफल घ्यायला २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना लागत नाही. तिचं अंतर दहा मीटर. आमच्या गावात यंत्रमागाच्या शेड पुष्कळ. त्यांतल्या एका बंद पडलेल्या शेडमध्ये आम्ही दहा मीटर मोजून रेघ मारली. टार्गेटमागं लोखंडी पत्रा तिरका बसवला आणि उजेड फक्त टार्गेटवर राहील असे दिवे लावले. शेजारच्या शेडमध्ये माग चालूच होते. त्या खडखडाटात शिकलेल्या मुलांना स्पर्धेच्या हॉलमधल्या गोंगाटाचं पुढं कधी काही वाटलं नाही. दहा मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. छर्राच त्याच्या नऊपट रुंद. त्या ठिपक्याला झोंबणाऱ्या मुलाला अचूकतेबद्दल वेगळं काही सांगावं लागत नाही.

एका मागवाल्याची मुलगी तिथं यायची. अंगानं बारीक, पण स्वभावानं चिकाटीची. तिचे छर्रे कायम उभ्या रेषेत पडायचे, एक वर, एक खाली. वडिलांनी ऐकलं होतं की रायफल हलकी आहे, भारी घेतली की सुधारेल. ते भिशीचे पैसे उचलायच्या बेतात होते. मी तिला बाजूनं बघत बसलो. दस्ता तिच्या हाताला लांब होता. खांद्याला लावायला ती पाठ मागं वाकवायची, आणि मान पुढं ताणल्यामुळं दर वेळी गाल वेगळ्या उंचीवर टेकायचा. गाल हलला की डोळा हलला, आणि डोळा हलला की छर्रा वर-खाली गेला. आम्ही खांद्याला टेकणाऱ्या बटप्लेटमागचे तुकडे काढून दस्ता आखूड केला आणि गाल टेकायचा चीकपीस वर उचलला. नेम न धरता, डोळे मिटून तिला रायफल खांद्याला लावायला सांगितलं. डोळे उघडल्यावर मागच्या साइटच्या भोकातून पुढची रिंग मधोमध दिसेपर्यंत स्क्रू फिरवत राहिलो. दोन-तीन आठवड्यांत ती उभी रेष गोल झाली. भिशी वाचली. तेव्हापासून मी एका गोष्टीवर अडून राहतो. नवीन घ्या नाहीतर जुनी, देशी घ्या नाहीतर परदेशी, दस्ता लांबी-उंचीला हलता हवा. वाढत्या वयाच्या मुलाला तर हवाच हवा. आणि वजनाचा मोह नको. नियमानं एअर रायफल साडेपाच किलोपर्यंत चालते, ५० मीटरची आठ किलोपर्यंत. ही वरची मर्यादा आहे. बारा वर्षांच्या पोरीनं ती गाठायची गरज नसते.

एअर रायफलीच्या आणखी दोन गोष्टी दुकानदार आपणहून सांगत नाहीत. दाबाच्या हवेवर चालणाऱ्या रायफलीच्या सिलिंडरवर तारीख कोरलेली असते. साधारण दहा वर्षं त्याचं आयुष्य. जुनी रायफल स्वस्त मिळाली आणि सिलिंडर मुदतीबाहेरचा निघाला, तर सगळा हिशेब बदलतो. शिवाय २०० बार दाबानं हवा भरणार कोण? पुण्या-मुंबईत सोय होते. इथं हातपंप घ्यावा लागतो, त्याचे पैसे आधीच धरावेत. दुसरी गोष्ट छर्र्याची. चपट्या डोक्याचे मॅच छर्रे ४.४९, ४.५०, ४.५१ अशा मापांत मिळतात. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हा फरक कागदावर स्पष्ट दिसतो. तिन्ही मापांचे डबे घेऊन बघावेत. टू-टूच्या लॉटचाच हा धाकटा भाऊ.

नाव न बघता कागद बघायचा म्हटलं की एका गलाईवाल्या गृहस्थांची गोष्ट आठवते. आमच्या खानापूर-आटपाडी भागातली ही माणसं देशाच्या कानाकोपऱ्यात सोनं-चांदी गाळून शुद्ध करतात. स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं ब्राँझ घेतलं, त्या वर्षी गावी आलेल्या प्रत्येकाच्या तोंडी तोच विषय होता. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा पोरगा. त्याच्या आधी कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतनं २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये ६०० पैकी ५९७ गुण घेऊन विश्वविजेतेपद मिळवलं होतं. शेजारच्या जिल्ह्यातली ही माणसं. आपल्या पोरानं का नाही, हे वाटणं साहजिक होतं. हे गृहस्थ मुलाला घेऊन आले आणि म्हणाले, “स्वप्नीलची आहे तीच मागवा. पैशाचं बघू नका.” मुलानं तोवर एकही छर्रा झाडलेला नव्हता. मी विचारलं, “दादा, तुमच्याकडं कुणी सोनं आणलं तर वरचा शिक्का बघून पैसे देता की कस लावता?” ते लगेच म्हणाले, “कस लावल्याशिवाय हात लावत नाही.” मग मी त्यांना आमचे कागद दाखवले. मुलगा आधी आमच्या शेडमधल्या रायफलीवर शिकला, आणि त्याचे कागद आवळत गेल्यावरच खरेदीचा विषय निघाला. ऑलिंपिकवाल्याची रायफल त्याच्या हाताच्या मापानं, त्याच्या गालाच्या उंचीनं आणि त्याच्या लॉटनं जुळवलेली असते. ती जशीच्या तशी दुसऱ्याच्या उपयोगाची नाही. स्वप्नीलनंही वर्षानुवर्षं गोळ्या झाडल्या, क्रीडा प्रबोधिनीत राहून खेळ घडवला. पैसा घालायचा तर तिथं घालावा : छर्रे, प्रवास, आणि रेंजवर मिळणारा वेळ.

आता शेतकऱ्यांचा प्रश्न. तो मला सगळ्यांत जास्त टोचतो, कारण तक्रार खरी आहे. टेंभू योजनेचं पाणी आलं, ऊस वाढला, आणि उसात रानडुकरांना लपायला जागा झाली. मका, भुईमूग एका रात्रीत उकरून टाकतात. सागरेश्वरच्या कडेला हरणांचा त्रास. ते अभयारण्य जेमतेम अकरा चौरस किलोमीटरचं, आणि भोवती सगळी पिकाऊ रानं. मोर तर सगळीकडं. मग माणूस विचारतो, “आण्णा, एकच रायफल सांगा. पोरगं टार्गेट मारंल, आन् रातचं रानात डुकरावर बी चालंल.”

अमेरिकेत अशी रायफल खरोखर असते. तिथं कुरणं पोखरणाऱ्या लहान प्राण्यांना लांबून टिपायचा छंद आहे, आणि त्या छंदानंच बारीक कॅलिबरच्या अचूक रायफली घडवल्या. टू-टू हॉर्नेट, १९३५ ची टू-ट्वेंटी स्विफ्ट, १९५० ची ट्रिपल टू रेमिंग्टन. ट्रिपल टूनं तर पुढं टेकवून करायच्या नेमबाजीच्या स्पर्धाही गाजवल्या. ते वाचून आपल्याकडचा माणूस हुरळतो. पण आपली जमीन वेगळी आणि आपला कायदा वेगळा. १९५९ च्या शस्त्र कायद्यानं दोन्ही कामं आधीच वेगळी केली आहेत. कलम १३ मध्ये पॉइंट टू-टू रायफलीचा परवाना मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदाला टार्गेट प्रॅक्टिससाठी आहे, आणि पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक सांगितली आहे. म्हणजे टू-टू हवी तर आधी क्लबचं सभासदत्व, मग परवाना, मग रायफल. तो परवाना रानात चालत नाही. आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ससा, हरीण, रानडुक्कर, मोर यांतल्या कुणालाही आपल्या मर्जीनं मारता येत नाही. उभ्या पिकाला त्रास देणाऱ्या जनावराबाबत वनखात्याचा अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. ती त्याच्या अटींवर, आणि पहिल्या अनुसूचीतल्या मोरासारख्या प्राण्याला तर तीही नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी माझं उत्तर हेच राहील. टू-टूची गोळी डुकराला जाग्यावर पाडत नाही, जखमी करते. जखमी डुक्कर सकाळी पाणी द्यायला आलेल्या बाईमाणसावर धावतं. आणि चुकलेली गोळी थांबत नाही. ती दीड किलोमीटरच्या पुढंही जाऊ शकते. आमच्या माळावर मुरूम आणि दगड. गोळी आपटून कुठल्या वस्तीकडं वळेल ते सांगता येत नाही. रेंजवर टार्गेटमागं मातीचा बांध असतो. रानात, अंधारात, उसापलीकडं कुणाची झोपडी आहे ते दिसत नाही. छर्र्याच्या बंदुकीनं होले, पारवे मारणारी पोरं माझ्याकडं आली तर मी त्यांना टार्गेट देतो, आणि ती सवय सुटत नसेल तर शेडमध्ये घेत नाही. डुकरांसाठी सौर कुंपण घाला, आणि नुकसान झालं की त्याच दिवशी वनखात्याला कळवून पंचनामा मागा. भरपाई उशिरा येते हे मला ठाऊक आहे. तरीही तोच रस्ता आहे.

शेवटी आमच्या गलाईवाल्या बंधूंना एक मागणं. तुम्ही गावच्या देवळांना, शाळांना, पालखीला भरभरून देता. एका परदेशी रायफलीच्या पैशात हलत्या दस्त्याच्या चांगल्या देशी एअर रायफली एकाहून जास्त येतात, आणि छर्रेही उरतात. विट्यात बंद पडलेल्या मागाच्या शेड आहेत, दहा मीटर जागा लागते, शिकायला मुलं तयार आहेत. यंदा दसऱ्याला आलात की शेडवर या. मुलांचे कागद भिंतीवर तारीखवार लावलेले आहेत, ते बघा आणि मग ठरवा.